पुठ्ठ्याचं पोट आणि आमचे भाऊजी

माझे दीर बायंडर आहेत. पुस्तकं बांधतात. आम्ही वर राहतो, खाली त्यांचं दुकान, मध्ये लाकडी जिना. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्या जिन्यानं जेवढा आवाज केलाय, तेवढा माझ्या दिरांनी केलेला नाही. "वहिनी, चहा" आणि "वहिनी, झालं" एवढ्या दोन वाक्यांवर माणसानं निम्मं आयुष्य काढलं. सुरुवातीला मला वाटायचं, मी ह्यांना आवडले नसेन. मग लक्षात आलं, तसं काही नाही. सगळ्यांशीच असे. लग्न केलं नाही. "का नाही केलंत हो, भाऊजी?" म्हणून मी एकदा तोंडावर विचारलं. मी विचारतेच, माझा स्वभावच तसा आहे. तर म्हणाले, "राहून गेलं." झालं, विषय संपला.

कामाला मात्र नाव ठेवायला जागा नाही. पाठ सुटलेलं, पानं निखळलेलं, उंदरांनी कुरतडलेलं कसलंही पुस्तक आणून टाका, नवं होऊन बाहेर पडतं. चिकटवायची पिठाची खळ स्वतः शिजवतात, आणि ती ब्रशनं कधी लावत नाहीत. बोटांनी लावतात. ही त्यांची एकुलती एक मिजास. एकदा मी चांगला रुंद ब्रश आणून दिला, तर त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि खिडकीतल्या वाळलेल्या कुंडीत खोचून ठेवला. "ब्रशला कागद कळत नाही, वहिनी. खळ कुठे जाड झाली, कुठे पातळ, ते बोटालाच कळतं." एवढं मोठं वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. पण खोटं नव्हतं ते. त्यांनी चिकटवलेल्या अस्तराच्या कागदात कधी फुगा म्हणून सापडायचा नाही.

अशा या माणसाच्या पदरात माझ्या नणंदेनं कुत्र्याचं पिल्लू टाकलं.

तिच्या कुत्रीला पिल्लं झाली होती आणि ती घरोघर वाटत सुटली होती. पिशवीत घालून एक आमच्याकडे आणलं. मी तिथल्या तिथे सांगितलं, "अगं बाई, मला घरातल्या दोन पुरुषांचं करता करता नाकी नऊ येतात, त्यात हे कुठे?" ती हसली आणि पिशवी खाली ठेवली. पिल्लू बाहेर आलं, धडपडत टेबलाकडे गेलं आणि भाऊजींचा खाली लोंबणारा हात चाटायला लागलं. भाऊजी तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "वहिनी, यानं मला चाटलं." जसं काही टपालानं काही आलं होतं आणि पत्ता चुकला असावा असं त्यांना वाटत होतं.

रंगानं ते अगदी जाड पुठ्ठ्यासारखं होतं, म्हणून नाव पडलं पुठ्ठ्या. आणि हा पुठ्ठ्या आल्यापासून आमच्या घरात एक चमत्कार झाला. भाऊजी बोलायला लागले! माझ्याशी नव्हे, त्याच्याशी. मी एकदा चहा घेऊन जिना उतरत होते, तर खालून आवाज. आधी वाटलं गिऱ्हाईक आहे. कान देऊन ऐकलं तर भाऊजी पिल्लाला सांगत होते, "हा कागद कसा आहे बघ, उभा फाडला तर सरळ फाटतो आणि आडवा फाडला तर वाकडा. प्रत्येक कागदाचं असं असतं. आधी त्याला विचारायचं." मी जिन्यातच बसले. हातातला चहा गार झाला. मला राग आला, खोटं कशाला सांगू? एवढी वर्षं ह्यांना आयता चहा दिला मी, आणि कागदाची गोष्ट सांगितली कोणाला, तर त्या चार पायांच्या उपटसुंभाला!

पण त्यांचा चेहरा पाहिला आणि राग गिळला. पिल्लू दिवसभर त्यांच्या हातांच्या मागे मागे. ते काम करता करता हात खाली सोडायचे, हे पटापट बोटं चाटून घ्यायचं. "माझे हात चाटल्याशिवाय त्याला चैनच पडत नाही," असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे. गिऱ्हाइकं चाट पडायची. हा माणूस बोलतो?

आणि मग पुठ्ठ्याचं पोट बिघडलं.

सकाळी झाडू घेऊन खाली गेले तर जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही. उलटी वेगळी, जुलाब वेगळे. पिल्लू कापायच्या मशीनखाली अंग चोरून बसलेलं. भाऊजी त्याच्यासमोर उकिडवे.

"वहिनी, याला काय झालं?"

"मला काय विचारता? मी काय कुत्र्यांची डॉक्टर आहे?" असं म्हणत मी बादली आणायला गेले. आमच्या ह्यांनी, म्हणजे नवऱ्यानं, वरूनच हुकूम सोडला, "माझी पोटाची गोळी आहे बघ फळीवर. अर्धी दे त्याला." हे पोस्टात कामाला आहेत, पण घरी असले की सगळ्या विषयांतले तज्ज्ञ. गोळी मी काढलीसुद्धा होती. नशीब, आधी नणंदेला फोन लावला. ती किंचाळलीच. "वहिनी, माणसांच्या गोळ्या अजिबात देऊ नकोस! जिवावर बेतेल त्याच्या. दूध देत असाल तर बंद करा आणि सरळ डॉक्टरकडे न्या."

नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली, हिरड्या पाहिल्या, ताप मोजला, मी डबीत नेलेली त्याची शी काचेवर घेऊन तपासली. म्हणाल्या, थोडे जंत आहेत, औषध देते. "घरी मऊ भात आणि उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे. तेल-मीठ-मसाला काही नाही. थोडं थोडं द्यायचं, पण दिवसातून पुष्कळदा. लहान आहे, उपाशी ठेवू नका. ही पावडर पाण्यात घालून घोटघोट पाजा. आणि पाणीसुद्धा पोटात टिकेना, रक्त दिसलं किंवा मलूल पडून राहिला, तर घरचे उपाय बास. तडक इकडे यायचं."

मी भात केला. असा मऊ की चमच्यातून ओघळावा. ताटलीत घालून खाली नेला, तर साहेब ढुंकून बघेनात. भाऊजींनी थोडा बोटांवर घेऊन पुढे केला, आणि काय सांगू! बोटं लख्ख होईपर्यंत चाटला. पुन्हा ताटली पुढे केली, तोंड फिरवलं. पुन्हा बोटं, पुन्हा फडशा.

"लाडावून ठेवा अजून," मी म्हटलं.

"माझ्या हातचंच खातो, वहिनी," भाऊजी म्हणाले. काळजीनं त्यांचा चेहरा एवढासा झाला होता, तरी त्यात एक आनंद होता, तो काही लपत नव्हता. मग हे रोजचंच झालं. मी शिजवायचं, त्यांनी हातातलं काम टाकून भरवायचं.

आता मला सांगा, औषध चालू, पथ्य चालू, माया तर उतू चाललेली. पिल्लू बरं व्हायला हवं की नको? ते जास्तच बिघडलं. मी बुचकळ्यात पडले. म्हटलं, खालच्या धुळीत आणि कागदाच्या कपट्यांत त्याला आराम मिळत नसेल. उचललं आणि वर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घोंगडीवर ठेवलं. माझ्यासमोर ताटली आणि तो. आधी तोंड फिरवलं, म्हटलं फिरव, मी भाऊजी नाही. भुकेनं शेवटी रडतखडत खाल्लं. आणि बघता बघता पोट ठिकाणावर आलं! उड्या काय, ह्यांची चप्पल काय कुरतडली! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. भाऊजी दर थोड्या वेळानं जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभे राहायचे. आत यायचे नाहीत. हात मागे धरून नुसते बघायचे. मला कसंतरीच झालं. म्हटलं, घेऊन जा बाबा तुमचं रत्न.

खाली गेलं आणि पुन्हा तेच. पहिल्यापेक्षा वाईट.

तोच भात. तेच पातेलं. शिजवणारी मीच. वर खाल्ला की अंगी लागतो आणि खाली खाल्ला की बाधतो, हे काय गौडबंगाल? माझं डोकं चालेना. मग घरात संशयाचा धुरळा उडाला. मला वाटलं, कपटे खात असेल. सगळे कपटे पोत्यात भरून बाहेर काढले. फरक नाही. मग मी ह्यांना धरलं, "तुम्ही चोरून काहीतरी घालता." आधी साफ नाकबूल. मग खिशात बिस्किटाचा चुरा सापडला. त्यावरून जे भांडण झालं ते शेजारच्यांनी पुरेपूर ऐकलं. बिस्किटं बंद. फरक नाही. मग हे माझ्यावर उलटले, "तू ते फिनेल टाकतेस ना फरशीवर!" फिनेल बंद. फरक नाही. भाऊजींनी तेवढ्यात स्वतःहून सांगितलं, "वहिनी, खळीत मोरचूद असतं. विषारी असतं ते, कीड लागू नये म्हणून घालतो. पण भांडं मी वरच्या फळीवर ठेवतो, झाकण लावून, वर वजन. जमिनीवर थेंब सांडला तरी पुसतो." मी जाऊन पाहिलं. खरंच झाकण, खरंच वजन. या माणसाच्या व्यवस्थितपणावर कोण संशय घेणार? तो विषय तिथेच मिटला.

एवढ्यानंही भागेना म्हणून मी समोरच्या नटबोल्टवाल्याशी भांडायला गेले. म्हटलं, हाच काहीतरी टाकत असेल, याला आमच्या पुठ्ठ्याचं भुंकणं खपत नाही. तो बिचारा गल्ल्यामागे सरकला. "अहो ताई, मी कुत्र्यांना एवढा घाबरतो की तुमच्या बाजूच्या फुटपाथवरून चालतसुद्धा नाही!" मी तशीच परत आले, कानशिलं तापलेली. कोणावर चिडायचं तेही कळेना.

डॉक्टरीणबाईंनी या खेपेला त्याला कातडीखाली सुईनं पाणी दिलं. पुठ्ठ्या टेबलावर चिंधीसारखा पडून होता. त्या माझ्याकडे न बघता भाऊजींकडे बघून म्हणाल्या, "याच्या पोटात बाहेरून काहीतरी जातंय. काय ते मला इथे बसून सांगता येणार नाही. तुम्ही शोधा. नाही सापडलं तर त्याची जागा बदला. पुन्हा असंच झालं, तर मी वाचवू शकेन असं सांगत नाही."

भाऊजींनी मान हलवली. आम्ही घराकडे निघालो. पिल्लू शर्टाच्या आत धरलं होतं, आणि ते त्याही अवस्थेत त्यांची बोटं शोधत होतं.

नणंदेला कळवलं. ती म्हणाली, "दादाला वाईट वाटेल, पण मी उद्या येते आणि त्याला परत नेते. त्याला तिथलं मानवत नाहीये."  मी भाऊजींना सांगितलं. ते शिकंजा आवळत होते, आवळतच राहिले. दाबाखाली ठेवलेली पुस्तकं करकरली. मग म्हणाले, "बरं." मला वाटलं ओरडावं त्यांच्यावर. अहो, नाही म्हणा! आदळआपट करा! लांबचं कोणी गेलं तरी माणूस याहून जास्त बोलतो!

पुठ्ठ्या वर माझ्याजवळ होता, आणि अर्थातच पुन्हा सुधारत होता. दुसऱ्या दिवशी नणंद यायच्या आधी मी त्याला खाली घेऊन गेले. म्हटलं, शेवटची दुपार आहे, बसू दे भाऊजींजवळ. भाऊजींचं घाईचं काम चालू होतं, एका शाळेच्या वाचनालयाची पुस्तकं. असं काम असलं की मी मदतीला बसते, अस्तरं लावायला. त्यांनी खळीचं भांडं मध्ये ठेवलं, मी बाह्या सारल्या आणि त्यांच्यासारखीच बोटं बुडवली. त्यांच्या दुकानात ब्रश चालत नाही, सांगितलंच आहे.

थोडी अस्तरं झाली. मी हात जरा खाली सोडला, आणि बोटांना काहीतरी ऊन, ओलं लागलं. पुठ्ठ्या माझी बोटं चाटत होता! माझी! आल्यापासून ज्यानं माझ्या हाताला नुसतं हुंगून सोडून दिलं होतं, ज्याच्यासाठी मी भात शिजवून शिजवून दमले, तो आज माझा हात असा चाटत होता की जणू मीच त्याची आई. मला भरून आलं. म्हटलं, मेल्याला कळलं वाटतं, आज जायचंय. मी भाऊजींना सांगायला तोंड उघडलं, "भाऊजी, बघा, मलाही चाट—"

आणि शब्द तोंडातच राहिला. मी झटकन हात वर ओढून घेतला. पाहिलं. जिथे जिथे त्याची जीभ फिरली होती तिथली खळ गायब होती.

मी उठले, पुठ्ठ्याला उचललं, मोरीत नेऊन त्याचं तोंड पाण्यानं पुसून काढलं. भाऊजी मागे येऊन उभे राहिले. "काय झालं, वहिनी? काय करताय?"

"भाऊजी, मोरचूद घालता ना खळीत?"

"चिमूटभर. पण भांडं वर असतं, त्याचं तोंड पोचत नाही..."

"भांड्यापर्यंत नाही पोचत. बोटांपर्यंत पोचतं."

त्यांना कळेना. खरंच कळेना, ते माझ्याकडे आ वासून बघत राहिले. मग हळूहळू त्यांनी स्वतःचे हात डोळ्यांसमोर धरले. नखांच्या कडेला, बोटांच्या पेरांवर, सगळीकडे वाळलेली खळ. सकाळची, तिच्यावर दुपारची. जेवायला बसताना तेवढे ते हात धुतात, एरवी काम चालू असताना कशाला धुतील? जन्मभर ते हात असेच होते. आम्हाला कोणालाच ती खळ दिसत नव्हती, त्यांनाही नाही. ते त्यांचे हातच होते.

"आणि भात?" ते म्हणाले. "भात तर मी याच हातांनी भरवत होतो."

मी फडकं पिळून पुठ्ठ्याचं तोंड पुन्हा एकदा पुसलं.

"म्हणजे तो जितका जास्त आजारी, तितका मी..."  स्टुलावर बसले. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "असंच काहीतरी असणार. ते आत्ताच्या आत्ता बंद. त्याला घेऊन या, मी बघते." गेलो, दाखवलं, बाटलीभर औषध घेऊन आलो. वेळेत सापडलं, असं त्या दोनदा म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. भाऊजींचा नाही पडला.

परत आल्यावर ते म्हणाले, "वहिनी, म्हणजे तो माझ्याकडे येतच नव्हता. तो खळीकडे येत होता."

मी औषधाची बाटली फळीवर ठेवून दिली.  आणि मलाही लागलं होतंच की! माझा हात चाटला म्हणून डोळ्यांत पाणी आणून बसले होते मी.

नणंद पिशवी घेऊन आली, तर भाऊजीच तिला म्हणाले, "ने. माझ्याजवळ नको." मग मात्र माझा तोल गेला. "कोणी कुठे नेत नाही त्याला! कारण सापडलं ना? मग? एवढी उस्तवारी काय त्याला पिशवीत घालून पाठवायला केली मी?" नणंद गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा दादाकडे बघत राहिली. शेवटी रिकामी पिशवी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी खाली गेले तर कुंडीतला ब्रश भाऊजींच्या हातात. इतक्या वर्षांनी! केस कडक झालेले, ते त्यांनी गरम पाण्यात भिजवले होते. आणि हात असे अवघडलेले की बघवेना. पहिल्या इयत्तेतल्या पोरानं पेन्सिल धरावी तसा ब्रश धरलेला. खळ कुठे ढीग, कुठे कोरडं. अस्तर लावायचं, उचलायचं, चडफडायचं, पुन्हा लावायचं. पण बोटं बुडवली नाहीत. काम संपलं की साबणानं हात धुवायचे, नखं घासून काढायची, आणि वर येऊन दोन्ही हात माझ्यापुढे पसरायचे. "वहिनी, बघा." मी वास घेऊन बघायचे. "जा," म्हणायचे. मगच ते खाली जाऊन पुठ्ठ्यापुढे हात करायचे.

पुठ्ठ्या तो हात हुंगायचा. इकडून हुंगायचा, तिकडून हुंगायचा. मग तोंड फिरवून दाराकडे निघून जायचा.

रोज हेच. ताटलीतलं आता मुकाट्यानं खायचा, अंग धरलं होतं, भुंकून भुंकून नटबोल्टवाल्याला हैराण केलं होतं. पण भाऊजींच्या हाताकडे फिरकेना. "बघा," ते म्हणायचे, आणि हसायचा प्रयत्न करायचे. ते हसणं मला सहन व्हायचं नाही. मी एकदा पुठ्ठ्याला कोपऱ्यात गाठून दम भरला, "मेल्या, चाट की एकदा! काय जातंय तुझं?" त्यानं माझ्या चपलेचा पट्टा ओढला. खालचं बोलणं बंद झालं. जिन्यात बसून कान दिला तरी फक्त कागदांची सळसळ. पुन्हा "वहिनी, चहा", पुन्हा "वहिनी, झालं". मी पिल्लू बरं केलं की माणूस बिघडवला, मलाच उमजेना. कधी कधी वाटायचं, कळलंच नसतं तर बरं झालं असतं. मग पुठ्ठ्या दिसायचा, टुणटुण उड्या मारताना, आणि माझीच मला लाज वाटायची.

आणि मग एक दिवस दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तर खालून हाक.

"वहिनी!"

अशी हाक भाऊजींनी जन्मात मारली नव्हती.  पुन्हा पोट बिघडलं, आता संपलं, असं म्हणत मी हातातल्या उशीच्या खोळीसकट धाडधाड जिना उतरले.

भाऊजी टेबलासमोर उभे होते. दोन्ही हात डोक्याच्या वर. चोर पकडला गेल्यावर करतो तसे. हात मनगटापर्यंत खळीनं माखलेले, ब्रश टेबलावर. आणि पुठ्ठ्या त्यांच्या दोन्ही पायांवर आडवा पसरून गाढ झोपलेला.

"काय झालं?" मी ओरडले.

"हळू," ते म्हणाले. "उठेल तो."

"अहो पण झालं काय?"

"ब्रश निसटला, भांड्यात पडला. काढताना हात भरले. म्हणून वर धरले, धुवायला निघालोच होतो. तर हा आला." त्यांनी मान न हलवता नुसते डोळे खाली केले. "हात वरच होते, वहिनी. यानं वर पाहिलंसुद्धा नाही. आला, पायावर पडला, झोपला."

"मग?"

"पायाला काही नाही लागलेलं. तुम्ही बघा बरं. खळ आहे? भात आहे?"

मी खरंच वाकले. खरंच पाहिलं, वास घेऊन पाहिला, आता काय लाज धरायची? जुनी चप्पल, धूळ, कागदाचा एक कपटा. बाकी काही नाही.

"काही नाही," मी म्हटलं.

"मग हा आला कशाला?"

असं विचारलं त्यांनी. पन्नाशी उलटलेला माणूस, हात वर करून, अगदी मनापासून गोंधळून मला विचारत होता.  "मला काय विचारता?" मी म्हटलं, "मी काय कुत्र्यांची डॉक्टर आहे?"

टेबलावर खळ लावलेलं अस्तर वाळायला लागलं होतं. मी म्हटलं, "भाऊजी, कागद वाळतोय. फुगा येईल."

"येऊ दे," ते म्हणाले.

मी फडकं ओलं करून आणलं आणि त्यांचे वर धरलेले हात पुसून काढले, एक एक बोट, नखाच्या कडेपर्यंत. ते तसेच उभे राहिले. पाय जराही हलवले नाहीत. पुठ्ठ्यानं झोपेत एकदा सुस्कारा सोडला.

"वहिनी, चहा," ते म्हणाले. मी निघाले, तर मागून आवाज आला, "दोन आणा. तुम्ही पण बसा इथेच."

मी वर जाऊन चहा टाकला आणि दोन कप घेऊन उतरले, जिना वाजू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेनं.